जॅग्वार ई-टाइप (4.2 लिटर): सिलिंडर हेड नव्याने बांधताना कामाचा क्रम कसा असावा?

मिडलंडकर

नमस्कार. माझ्या 1966 सालच्या जॅग्वार ई-टाइप या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवले आहे. ते परत चढवण्यापूर्वी कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे, याविषयी येथील जाणकारांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे. हेड उतरवण्याचे कारण जुन्या गाडीवाल्यांच्या ओळखीचे आहे. कूलंट हळूहळू कमी होत होते, गाडी गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा चढत होता, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) मोजले तेव्हा पाचव्या व सहाव्या सिलिंडरचे आकडे इतर चारांपेक्षा बरेच खाली आले होते. शेजारचे दोन सिलिंडर एकदम बसले की संशय त्या दोहोंमधल्या गास्केटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ सीलवर) जातो, आणि तसेच निघाले. दोन बोअरमधली (सिलिंडरांच्या भोकांमधली) गास्केटची अरुंद पट्टी जळून काळी पडलेली होती. (जॅग्वारचा पहिला सिलिंडर मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला धरतात. त्यामुळे पाच आणि सहा म्हणजे रेडिएटरकडचे दोन. सुटे भाग मागवताना हे विसरल्यामुळे वाद झालेले मी ऐकले आहेत.)

ज्यांचा या इंजिनाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. एक्सके या नावाने ओळखले जाणारे हे सहा सिलिंडरांचे इंजिन 1948 साली एक्सके 120 या गाडीतून लोकांसमोर आले आणि निरनिराळ्या आकारांत 1992 पर्यंत बनत राहिले. विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी ते घडवले आणि हेडच्या आतल्या वाटांचे काम हॅरी वेस्लेक यांनी पाहिले. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. ज्वलनकक्ष अर्धगोल आहेत, व्हॉल्व्ह एकमेकांशी 70 अंशांचा कोन करून बसलेले आहेत, आणि दोन कॅमशाफ्ट थेट वाटीसारख्या टॅपेटवर (कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या तुकड्यावर) चालतात, मध्ये रॉकर नाही. 1964 च्या ऑक्टोबरात 4.2 लिटरचे इंजिन आले तेव्हा बोअर 87 वरून 92.07 मिलिमीटर झाला, पण स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) 106 मिलिमीटरच राहिला. तेवढ्याच लांबीच्या ब्लॉकमध्ये मोठे बोअर बसवण्यासाठी सिलिंडरांच्या मध्यरेषा सरकवाव्या लागल्या, मात्र हेडमधले ज्वलनकक्ष जवळजवळ जुन्याच जागी राहिले. म्हणून 4.2 चे हेड उलटे करून गास्केट त्यावर ठेवले की कक्ष आणि बोअर यांची वर्तुळे तंतोतंत जुळत नाहीत. हा दोष नसून मूळ रचनाच तशी आहे, तेव्हा ते पाहून कोणी कानस हाती घेऊ नये.

आता माझ्या हेडची स्थिती. सरळपट्टी लांबीच्या दिशेने धरली असता मधोमध 0.006 इंचाचे फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) आत जाते, म्हणजे हेडला बाक आला आहे. पाण्याच्या दोन भोकांच्या कडा गंजाने इतक्या खाल्ल्या आहेत की गास्केटला टेकायला सलग धातू उरलेला नाही. एक्झॉस्टची गाइडे (व्हॉल्व्हचा दांडा ज्यांतून सरकतो त्या नळ्या) झिजली आहेत. व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवला की बोटांना खेळ जाणवतो. आणि एक्झॉस्ट बाजूचे एक टॅपेट गाइड (टॅपेट ज्यात सरकते ती नळी) हेडमध्ये सैल झालेले आहे. येथल्या एका वर्कशॉपने "फेस मारून देतो, बाकी काही लागणार नाही" असे सांगितले, म्हणजे फक्त खालचा पृष्ठभाग कापून सपाट करायचा. माझे मन त्याला राजी नाही. आपली मते कळवावीत.

दादर एमजी

मिडलंडकर, माझ्याकडे एमजी टीडी आहे. तिचे 1250 सीसीचे इंजिन लहान, हेडही लोखंडी, त्यामुळे बाक येण्याचा अनुभव मला नाही. (आमच्या इंजिनाची वेगळीच तऱ्हा आहे. आटे मेट्रिक, पण नटांची डोकी व्हिटवर्थच्या पान्याची. गॅरेजात नवीन मुलगा आला की पहिला दिवस हे समजण्यातच जातो.) माझी शंका सीटविषयी, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो तिच्याविषयी आहे. भारतात 2000 सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. लोखंडी हेडात व्हॉल्व्ह थेट हेडच्याच धातूवर बसतो, आणि शिशाचा लेप नसल्यामुळे एक्झॉस्टची सीट झिजून व्हॉल्व्ह आत जाऊ लागतो, असे सर्वत्र वाचायला मिळते. आपल्या हेडमध्ये त्यासाठी कडक सीट घालणार आहात काय?

सौदामिनी

धातुशास्त्र हा माझा विषय असल्याने दोन्ही मुद्द्यांवर लिहिते.

आधी दादर एमजी यांची शंका. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह थेट धातूवर बसवताच येत नाही, इतका तो मऊ असतो. त्यामुळे एक्सके इंजिनाच्या हेडमध्ये कारखान्यातूनच वेगळ्या लोखंडी मिश्रधातूच्या सीटा घट्ट बसवलेल्या असतात आणि शिसे गेल्याचा त्रास या इंजिनाला फारसा होत नाही. आपल्या टीडीबद्दल म्हणाल तर सीट झिजण्याचा वेग गाडी किती रेटली जाते यावर अवलंबून असतो. सतत जास्त फेऱ्यांवर आणि भाराखाली चालवली तर तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो आणि सुटताना धातूचे कण ओढून नेतो. रॅलीपुरती आणि रविवारच्या फेरीपुरती निघणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हची फट नियमित मोजत राहावे. ती पुन्हापुन्हा कमी होत असेल तरच हेड उघडावे. लोखंडी हेडात सीटसाठी खाच कापताना हत्यार पाण्याच्या पोकळीत शिरण्याचा धोका असतो, तो विनाकारण पत्करू नये.

आता बाकाविषयी. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेड ब्लॉकला स्टडांनी (ब्लॉकमध्ये बसवलेल्या, आटे असलेल्या दांड्यांनी) आवळलेले असते. मधला भाग सर्वांत जास्त तापतो, त्याला लांबीत वाढायचे असते, पण खालचे लोखंड आणि दोन्ही टोके त्याला वाव देत नाहीत. मग तो वरच्या दिशेने फुगतो. एरवी थंड झाल्यावर तो जागेवर येतो. मात्र इंजिन एकदा भलतेच तापले असेल तर धातू त्या उष्णतेत मऊ होऊन नव्या आकारात स्थिरावतो आणि बाक कायमचा राहतो. यातला महत्त्वाचा भाग असा की बाक फक्त खालच्या पृष्ठभागाला येत नाही, सबंध हेडला येतो. वरचे कॅमशाफ्टचे बेअरिंगही त्याच कमानीवर जाऊन बसतात. केवळ फेस मारला तर खालची बाजू सपाट होईल, पण वरची चार बेअरिंगे एका रेषेत येणार नाहीत.

हे तपासणे सोपे आहे. टॅपेट आणि व्हॉल्व्ह काढून टाका, कॅमशाफ्ट त्याच्या जागी ठेवा, स्वच्छ तेल लावा आणि बेअरिंगच्या टोप्या पुस्तकातल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. शाफ्ट दोन बोटांनी फिरला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडला, किंवा मधल्या टोप्या आवळताच जड झाला, तर हेड आधी सरळ करावे लागेल.

भोसरीकर

सौदामिनीताईंनी सांगितलेली चाचणी करावी, हे माझेही सांगणे आहे. मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये हेडांचे काम केले आहे आणि "फेस मारून देतो" हे वाक्य किती हेडांना नडले ते पाहिले आहे. मात्र क्रमाबद्दल माझी मते ठाम आहेत, ती मांडतो.

पहिले काम धुण्याचे आणि भेगा शोधण्याचे. हेड उकळत्या द्रावणात धुवावे, पण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, तेव्हा कोणत्या टाकीत बुडवत आहेत हे स्वतः उभे राहून पाहावे. त्यानंतर पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून, आत हवेचा दाब देऊन, हेड कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. एक्झॉस्ट सीटच्या कडेला भेग असेल तर ती येथेच कळते आणि पुढचा सगळा खर्च करायचा की नाही हे ठरते.

दुसरे काम वेल्डिंगचे. गंजलेल्या कडा टिग वेल्डिंगने भरतात. जुन्या ओतीव धातूत तेल आणि मीठ मुरलेले असते, ते वेल्डमध्ये फसफसून छिद्रे पाडते. म्हणून सडका धातू चकचकीत दिसेपर्यंत कोरून काढावा, हेड आधी तापवून घ्यावे आणि मगच भरावे. वेल्डिंगने हेड पुन्हा थोडे वाकते. यासाठीच सरळ करणे वेल्डिंगच्या नंतर ठेवायचे.

तिसरे, सरळ करणे. जाड पोलादी पाटावर हेड ठेवून दोन्ही टोकांखाली पातळ पत्र्या द्यायच्या, मधला भाग बोल्टने खाली ओढायचा, आणि सर्व काही भट्टीत 200 ते 230 अंश सेल्सियसला काही तास ठेवून भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचे. हातोडा किंवा प्रेस वापरणाऱ्याकडे हेड देऊ नये. थंड ॲल्युमिनियम तडकते.

मग गाइड, मग सीट, आणि फेस सगळ्यांत शेवटी. सीट कापणारे हत्यार गाइडच्या भोकात घातलेल्या दांड्यावर फिरते, त्यामुळे झिजलेल्या गाइडवर कापलेली सीट मुळातच तिरकी होते. फेसचा पास शेवटी घ्यायचा तो शक्य तितका पातळ घ्यायचा. जो धातू गेला तो गेला.

कुतूहल

आपणां सर्वांचे लेखन वाचून शिकत आहे. एक भाबडा प्रश्न विचारतो. इतका खटाटोप करण्याऐवजी नवे हेड मिळत नाही काय?

मिडलंडकर

कुतूहल, नवे ओतलेले हेड इंग्लंडात मिळते, पण त्याच्या किमतीत एखादी साधी गाडी येईल. शिवाय माझ्या हेडवरचा क्रमांक गाडीच्या कागदांशी जुळतो. येथे जुन्या गाडीची किंमत करताना लोक तो पाहतात.

सौदामिनीताईंची चाचणी केली. इनटेकचा कॅमशाफ्ट फिरला, पण मधल्या दोन टोप्या आवळल्यावर जडपणा स्पष्ट जाणवला. एक्झॉस्टचा तर पाना लावल्याशिवाय हललाच नाही. "फेस मारून देतो" म्हणणाऱ्यांकडून हेड परत आणले आणि भट्टी असलेल्या दुसऱ्या शॉपमध्ये दिले. दाबाच्या चाचणीत भेग निघाली नाही. दोन्ही भोकांच्या कडा भरून झाल्या आहेत, आणि भट्टीतून बाहेर आल्यावर बाक 0.0015 इंचावर आला आहे. आता दोन्ही कॅमशाफ्ट बोटांनी फिरतात. शॉपमधल्या गृहस्थांनी धातूचा कठीणपणाही तीन जागी तपासला, कारण फार तापलेल्या हेडचा धातू मऊ पडतो आणि मग स्टडाखाली दबत राहतो. आकडे समाधानकारक आले.

आता गाइडांकडे वळतो. बाजारात ओतीव लोखंडाची आणि ब्राँझची, अशी दोन्ही मिळतात. जॅग्वारच्या पुस्तकात हेड अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून गाइड वरून घालावे असे सांगितले आहे. ब्राँझ घ्यावे की लोखंड? तसेच इनटेकच्या गाइडवर तेल अडवणारी रबरी टोपी बसवावी काय?

भोसरीकर

रस्त्यावर चालवायच्या गाडीला लोखंड घ्या. ब्राँझ उष्णता लवकर वाहून नेते हे खरे, पण ते दांड्याभोवती फट अचूक राखणाऱ्या कारागिराच्या हाती शोभते. फट कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह अडकतो. लोखंडी गाइड थोड्या कमी तेलावरही निभावून नेते.

टोपी इनटेकला जरूर बसवा. थ्रॉटल बंद करून उतारावरून येताना इनटेकच्या वाटेत निर्वात पोकळी निर्माण होते आणि गाइडमधून तेल आत ओढले जाते. उताराच्या तळाशी पुन्हा पेट्रोल दिले की मागे निळा धूर सुटतो तो त्याचाच. एक्झॉस्टला मात्र टोपी नको, तिथल्या दांड्याला जे थेंबभर तेल मिळते तेही तोडू नये.

सौदामिनी

सीटा बदलणार असाल तर पकड (सीटची कडी तिच्या खाचेपेक्षा किती मोठी) किती ठेवायची याचा हिशेब करून पाहा. 45 मिलिमीटर व्यासाची साध्या ओतीव लोखंडाची कडी ॲल्युमिनियममध्ये बसवली आणि दोन्ही 100 अंशांनी तापले, तर प्रसरणातल्या फरकामुळे सुमारे 0.05 मिलिमीटर पकड सुटते. बसवताना 0.003 इंच, म्हणजे 0.076 मिलिमीटर पकड ठेवली असेल तर दोन तृतीयांश तेथेच गेली. प्रत्यक्षात सीट हेडपेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून ती तग धरते. पण कूलंट संपून हेडच तापू लागले की सीट निसटून सिलिंडरात पडते आणि पिस्टनसकट सर्व मोडते. याच कारणाने अशा सीटा निकेल असलेल्या, जास्त प्रसरण पावणाऱ्या लोखंडाच्या करतात. मूळ टॅपेट गाइडही त्याच जातीच्या लोखंडाचे आहेत. दुकानदार "कडक सीट" म्हणून जे देतो ते कोणत्या धातूचे आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

मिडलंडकर

ताई, हा हिशेब शॉपमध्ये दाखवला. ते हसले आणि त्यांच्या वहीतला आकडाही जवळपास तोच निघाला. एक्झॉस्टच्या सीटा बदलत आहोत, इनटेकच्या मूळच्याच ठेवून नव्याने कापत आहोत. कोन दोन्हीकडे 45 अंश.

सैल टॅपेट गाइडचे काय करावे यावर मात्र मतभेद दिसतात. एक पक्ष म्हणतो की एक्झॉस्टच्या सर्व गाइडांवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात. दुसरा म्हणतो की नव्या स्क्रूंसाठी हेडमध्ये छिद्रे पाडणे म्हणजे बरे अंग दुखावणे, त्यापेक्षा किंचित मोठ्या व्यासाची गाइडे घट्ट बसवावीत.

भोसरीकर

दोन्ही करावे. हेड भट्टीत 150 अंशांपर्यंत तापवून मोठ्या व्यासाचे गाइड बसवणे हा खरा उपाय आणि पट्टी हा विमा. विमा का हवा ते सांगतो. गाइड सैल होऊन वर सरकले की त्याची कड कॅमच्या उंचवट्याला लागते. आधी खडखड ऐकू येते, लोक ती टॅपेटची समजून शिम बदलत बसतात, आणि एक दिवस गाइडच फुटते. तुकडे खाली चेनपर्यंत जातात. स्क्रूची छिद्रे किती खोल पाडायची हे खूण केलेल्या ड्रिलने ठरवा आणि स्क्रूला आटे पकडणारे द्रावण लावा. हेडमध्ये छिद्र नको म्हणणाऱ्यांचे दुःख मला समजते, पण तेल गरम झाल्यावर भावना उपयोगी पडत नाहीत.

दादर एमजी

वाचायला मजा येते आहे. आमच्याकडे रॉकरचा स्क्रू फिरवला, फीलर गेज सरकवले की फट लागते. तुमच्या इंजिनात शिम बदलायची म्हणजे कॅमशाफ्ट उतरवावा लागतो असे ऐकले. हे कसे साधता?

मिडलंडकर

खरे आहे, आणि हेड टेबलावर असतानाच हे काम केले तर सर्वांत सोयीचे. पद्धत सविस्तर लिहितो.

वाटीसारख्या टॅपेटच्या आत, व्हॉल्व्हच्या टोकावर, एक लहान गोल शिम बसते. त्यांच्या जाड्या अक्षरांनी ओळखतात. ए म्हणजे 0.085 इंच आणि पुढे प्रत्येक अक्षराला एक हजारांश इंच वाढत झेड म्हणजे 0.110. माझ्या वर्षाच्या इंजिनाला थंड असताना इनटेकला 0.004 आणि एक्झॉस्टला 0.006 इंच फट हवी. सीट नव्याने कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत बसतो, त्याचे टोक कॅमच्या जवळ येते आणि फट कमी होते. जुनीच शिम ठेवून मोजायला गेले तर कित्येकदा फटच उरत नाही आणि किती जास्त आहे हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून सर्वत्र आधी ए शिम घालून मोजावे. ए शिमवर इनटेकला 0.010 मिळाले, हवे 0.004, म्हणजे शिम 0.006 ने जाड हवी. 0.085 अधिक 0.006 म्हणजे 0.091, अर्थात जी. बारा व्हॉल्व्हचा तक्ता कागदावर मांडून घ्यावा. बोटांना तेल लागलेले असताना स्मरणावर विसंबून चालत नाही, आणि जुन्या शिमवरचे अक्षरही पुष्कळदा पुसलेले असते, तेव्हा प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजावी. ए शिम घालूनही फट अपुरी पडत असेल तर सीट फार खोल गेली आहे असे समजावे. मग व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक घासणे किंवा सीट बदलणे, हे दोनच मार्ग राहतात.

दोन सावधगिऱ्या. मोजताना एका वेळी एकच कॅमशाफ्ट बसवावा. दोन्ही बसवून स्वतंत्रपणे फिरवले तर या कोनामुळे इनटेकचे आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांना धडकू शकतात. आणि कॅमशाफ्ट बसवलेले हेड कधीही सपाट टेबलावर पालथे ठेवू नये. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पृष्ठभागाच्या खाली आलेले असतात, ते वाकतात. दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत.

भोसरीकर

हेड चढवण्याआधी ब्लॉककडे पाहिले का? वरचे सर्व नीट करून खालच्या स्टडांनी दगा दिलेला पाहिला आहे.

मिडलंडकर

पाहिले. माझ्या ब्लॉकचे स्टड आखूड आहेत, वरच्या पृष्ठभागाजवळच आट्यांत बसतात. 1969 च्या सुमाराच्या ब्लॉकपासून पुढे जॅग्वारने लांब स्टड घातले, ते पाण्याच्या पोकळीतून जाऊन तळाशी आटलेले असतात. पाण्यात राहून ते मधोमध सडतात आणि काढताना तुटतात. ज्यांच्या गाड्या त्या काळातल्या आहेत त्यांनी बाजूच्या प्लगा काढून पोकळीत डोकावावे. आमच्याही पोकळीत मागच्या बाजूला लोखंडी गाळ घट्ट बसलेला होता, तो तारेने खरवडून धुऊन काढला. गाडी तापण्याचे निम्मे कारण तेथे असावे.

सौदामिनी

घुमटी नटांविषयी आपण काही लिहिले नाही. फेसचा पास घेतल्यावर हेडची उंची कमी होते, त्यामुळे स्टड वर तेवढेच जास्त येतात. नटाची वरची बाजू बंद असल्याने स्टडचे टोक आतून घुमटाला टेकते, टॉर्क पाना वेळेवर खटका देतो, आणि हेड मात्र आवळलेलेच नसते.

मिडलंडकर

अगदी बरोबर. प्रत्येक नटाच्या घुमटात शाडूची लहान गोळी ठेवून नट हाताने पूर्ण खाली आणला आणि काढून गोळी किती चेपली ते पाहिले. दोन ठिकाणी जेमतेम जागा उरत होती. तेथे कडक पोलादाचे अधिक जाड वॉशर घातले. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळले. 4.2 चा शेवटचा टॉर्क 58 पाउंड-फूट.

फेसच्या पासचा आणखी एक परिणाम सांगायचा राहिला. हेड खाली आले की कॅमशाफ्ट आणि क्रँक यांच्यातले अंतर घटते आणि कॅमचे टायमिंग किंचित मागे पडते. चेनच्या चाकामागे बारीक दातांची तबकडी असते. शाफ्टच्या खाचेत सेटिंग गेज बसेल तसा शाफ्ट धरून, तबकडी योग्य दातांवर सरकवून टायमिंग पुन्हा लावता येते. चेनचा ताण आधी लावायचा आणि टायमिंग नंतर. उलटे केले तर ते पुन्हा हलते.

कॅमच्या बेअरिंगना तेल देणारी बाहेरची नळी मागच्या बाजूला आहे. तिचे तांब्याचे वॉशर नवे घातले आणि पोकळ कॅमशाफ्टच्या टोकाचे प्लग काढून आतला काळा चिखल धुतला. हे काम पुष्कळ जण गाळतात, आणि मग नवी बेअरिंगे जुना चिखल खातात.

कुतूहल

हेडला रंग देणार का? छायाचित्रांत काही हेड सोनेरी दिसतात.

मिडलंडकर

सुरुवातीच्या ई-टाइपच्या हेडला सोनेरी रंग असे. कोणत्या वर्षी नेमकी कोणती छटा, यावर येथल्या क्लबांत तासन्‌तास वाद होतात. मी जुन्या रंगाचा जो ठिपका स्टडाशेजारी शिल्लक होता त्याच्याशी जुळवून दिला आणि विषय संपवला.

दादर एमजी

एक शेवटची शंका, आणि ती दोन्ही गाड्यांना लागू आहे. भारतात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे, तिकडे ब्रिटनमध्ये 2021 पासून दहा टक्क्यांचे. याचा नव्या व्हॉल्व्हांवर काही परिणाम होईल का?

सौदामिनी

होतो, पण मिश्रणाच्या वाटेने. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण 9. वीस टक्के मिसळले की हा आकडा 13.5 च्या आसपास येतो. जुना कार्ब्युरेटर मात्र पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देत राहतो, म्हणजे मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ होते. पातळ मिश्रणावर भाराखाली चालणाऱ्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतात. आपल्या दोघांच्याही गाड्यांना एसयूचेच कार्ब्युरेटर आहेत, टीडीला दोन आणि ई-टाइपला तीन. जेट थोडे खाली घेऊन किंवा सुई बदलून मिश्रण दाट करता येते. स्पार्क प्लगचा रंग पाहून ठरवावे. पांढरट, कोरडा दिसला तर पातळ. कार्ब्युरेटरमधली जुनी रबरे आणि बुचाचे वॉशर मात्र आधीच बदलून टाकावेत.

भोसरीकर

मिडलंडकर, इंजिन सुरू झाले की लगेच लांब जाऊ नका. एकदा पूर्ण तापू द्या, रात्रभर थंड होऊ द्या, आणि मग नट पुन्हा तपासा. सगळे एकदम सैल करायचे नाहीत. आवळलेल्या क्रमानेच एकेक नट पाव फेरा मागे घ्यायचा आणि परत त्याच टॉर्कला आणायचा. गास्केट दबून बसते आणि थोडी ढिलाई येतेच. गास्केटवाल्याने पुन्हा आवळू नका असे छापले असेल तर त्याचे ऐका.

मिडलंडकर

काका, तसेच केले. आमच्या गास्केटवर तशी मनाई नाही. प्लग काढून, स्टार्टरवर फिरवून तेलाचा दाब वर आल्यावरच इंजिन सुरू केले. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आता एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहे आणि कूलंटची पातळी स्थिर आहे. एक्झॉस्टच्या कॅम कव्हरखालून मागच्या बाजूला तेलाचा ओलावा दिसतो. तेथला अर्धगोल रबरी सील कोरडा बसवला होता, आता कव्हर उतरवून कोपऱ्यांना सीलंटचा ठिपका लावेन. नट पुन्हा आवळल्यामुळे व्हॉल्व्हची फट बदलली का, हेही त्याच वेळी मोजता येईल. बारा आकडे मोजून झाले की येथेच लिहितो.